महाविद्यालयीन विद्यार्थ्याची अटक आणि कुटुंबाची भूमिका : कायदेशीर हक्क व व्यावहारिक कर्तव्ये

सारांश

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला वा मुलीला अटक झाल्यास कुटुंब सामान्यतः भीती, लोकलज्जा आणि घाई यांच्या आहारी जाते. परिणामी ज्या पहिल्या काही तासांत कायद्याने दिलेले हक्क बजावावयाचे असतात, ते तास ओळखीपाळखी शोधण्यात आणि ‘प्रकरण मिटविण्यात’ निघून जातात. भारतीय कायद्याने नातेवाइकाला अटकेच्या प्रक्रियेत निश्चित स्थान दिले आहे. तो पोलीस ठाण्याच्या दारातील याचक नसून त्या प्रक्रियेचा एक घटक आहे. हे स्थान कोणते, ते कसे बजवावे आणि कोणत्या चुका टाळाव्यात, याचे विवेचन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ व सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांच्या आधारे, महाराष्ट्रातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून, प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : अटक, नातेवाईक, जामीन, विधी साहाय्य, विधिसंघर्षग्रस्त बालक, परिवीक्षा.

प्रस्तावना

शिक्षणासाठी गाव सोडून पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत वसतिगृहात वा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी एखाद्याला अटक झाल्याची बातमी घरी पोहोचते ती बहुधा दूरध्वनीवरून आणि अवेळी. वसतिगृहातील मारामारी, रॅगिंगची तक्रार, वाहन अपघात, अमली पदार्थ, समाजमाध्यमांवरील मजकूर, मोर्चा किंवा मनाई आदेशाचा भंग अशी कारणे वेगवेगळी असतात. कुटुंबाची अवस्था मात्र सारखीच असते. घरात यापूर्वी कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नसते. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न ‘मुलगा कोठे आहे’ या प्रश्नाइतकाच मोठा होऊन बसतो.

अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे तत्त्व सर्वांना ऐकून ठाऊक असते. तथापि अटकेनंतरच्या चुकीच्या वागणुकीमुळे निर्दोष विद्यार्थ्याचेही नुकसान होऊ शकते आणि किरकोळ गुन्ह्याचा डाग आयुष्यभर राहू शकतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. म्हणून या विषयाकडे केवळ फौजदारी कायद्याचा विषय म्हणून न पाहता पालकशिक्षणाचा विषय म्हणूनही पाहणे आवश्यक आहे.

नातेवाइकाचे कायद्यातील स्थान : थोडी पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे कळविणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. या अनुच्छेदात नातेवाइकांचा उल्लेख नाही. नातेवाइकाला कळविण्याचे बंधन पुढे न्यायालयीन निर्णयांतून आले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईतील कोठडीत असलेल्या स्त्रियांच्या स्थितीविषयी पत्रकार शीला बरसे यांनी पाठविलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निर्देश दिले. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी, अटकेची माहिती विधी साहाय्य समितीला तसेच नातेवाइकाला किंवा मित्राला देणे आणि कोठडीत छळ झाला काय याची आरोपीकडे न्यायदंडाधिकाऱ्याने विचारणा करणे यांचा त्यांत समावेश होता.

१९९४ च्या जानेवारीत गाझियाबाद येथे एका तरुण वकिलाला चौकशीसाठी बोलावून ताब्यात ठेवण्यात आले आणि त्याचा ठावठिकाणा कुटुंबाला कळू दिला गेला नाही. या जोगिंदर कुमार प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, अटकेचा अधिकार असणे ही एक बाब आहे आणि तो अधिकार वापरण्यास समर्थन असणे ही वेगळी बाब आहे. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला मिळण्याचा हक्कही याच निर्णयात स्पष्ट झाला. पश्चिम बंगालमधील कोठडी मृत्यूंविषयी डी. के. बसू यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या पत्राची परिणती डिसेंबर १९९६ च्या प्रसिद्ध निर्णयात झाली. त्यातील ११ निर्देशांनी अटक पंचनामा, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर आणि वैद्यकीय तपासणी यांची चौकट घालून दिली.

दि. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही चौकट पुढील कलमांत आढळते. कलम ३६ नुसार अटक पंचनाम्यावर कुटुंबातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी लागते. कलम ४८ नुसार अटक व स्थानबद्धतेचे ठिकाण नातेवाइकाला, मित्राला किंवा आरोपीने सांगितलेल्या व्यक्तीला कळवावे लागते आणि कोणाला कळविले याची नोंद पोलीस ठाण्यातील नोंदवहीत करावी लागते. हे झाले आहे की नाही, याची खात्री करणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. म्हणजेच पोलीस ठाण्यात आलेला पालक हा कृपेने आत घेतलेला माणूस नसून ज्याला कळविण्याचे बंधन पोलिसांवर आहे अशी व्यक्ती होय.

पहिली पायरी : बातमीची खातरजमा

अलीकडील काळात ‘तुमच्या मुलाला अटक झाली आहे, सोडविण्यासाठी ताबडतोब पैसे पाठवा’ असे तोतया पोलिसांचे दूरध्वनी येण्याचे प्रकार सर्वत्र घडत आहेत. काही वेळा पलीकडे मुलाच्या रडण्यासारखा आवाजही ऐकविला जातो. ‘डिजिटल अटक’ नावाची कोणतीही संकल्पना भारतीय कायद्यात नाही. कोणताही पोलीस अधिकारी ऑनलाइन पैसे घेऊन कोणाला सोडत नाही. म्हणून प्रथम मुलाच्या, त्याच्या खोलीतील सोबत्याच्या किंवा वसतिगृह अधीक्षकाच्या क्रमांकावर संपर्क साधावा. त्यानंतर ज्या पोलीस ठाण्याचे नाव सांगितले गेले त्या ठाण्याचा अधिकृत क्रमांक स्वतः शोधून तेथे किंवा ११२ वर विचारणा करावी. फसवणुकीचा संशय आल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

बातमी खरी असल्यास पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : पोलीस ठाण्याचे नाव, तपासी अंमलदाराचे नाव व हुद्दा, गुन्हा नोंदणी क्रमांक, लावलेली कलमे आणि अटकेची नेमकी वेळ. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण २४ तासांची गणना तेथून होते. कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा नियुक्त अधिकारी असावा लागतो. ठाण्यात दाद मिळत नसल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाकडे विचारणा करण्याचा मार्ग यामुळे उपलब्ध होतो. प्रथम खबर अहवालाची प्रत आरोपीच्या वतीने अर्ज करून मागता येते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता हे अहवाल संकेतस्थळावर उपलब्ध करावयाचे असतात.

विद्यार्थी अठरा वर्षांखालील आहे काय?

महाराष्ट्रात अकरावी व बारावीचे वर्ग ‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणून ओळखले जातात. त्यामुळे ‘महाविद्यालयीन विद्यार्थी’ या शब्दाने प्रौढ व्यक्तीचा भास होतो. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुतेक विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचे असतात. घटनेच्या दिवशी वय १८ वर्षांहून कमी असल्यास त्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो आणि संपूर्ण प्रक्रियाच बदलते. अशा बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊन २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते आणि पालकांना कळवावे लागते. गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, जामीन देणे हा येथे नियम आहे. बालक गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची, त्याला धोका पोहोचण्याची किंवा न्यायाचा हेतू विफल होण्याची शक्यता असेल तरच तो नाकारता येतो.

वय ठरविण्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र यांना प्रथम स्थान आहे, त्यानंतर जन्मनोंदणी दाखल्याला. म्हणून पालकाने ठाण्यात जाताना शाळा सोडल्याचा दाखला व दहावीचे प्रमाणपत्र सोबत न्यावे. घाईत लिहिलेले ‘वय १९’ दुरुस्त होईपर्यंत मुलाच्या किती रात्री कोठडीत जातील, हे सांगता येत नाही. बालकाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करण्यास कायद्याने मनाई असल्याने त्याचे छायाचित्र वा नाव नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतही फिरू देऊ नये.

पोलीस ठाण्यात : काय मागावे, काय पाहावे

शक्य असल्यास पालकाने एकट्याने न जाता वकिलासह जावे. वकील मिळेपर्यंत थांबणे मात्र योग्य नव्हे. दोघांनी जावे, आवाज चढवू नये आणि प्रत्येक मागणी साध्या कागदावर अर्जाच्या रूपात द्यावी, हे श्रेयस्कर. अर्जावर पोच मिळाली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांच्या कार्यालयास ई-मेलने पाठवावा. तोंडी विनंतीचा मागमूस राहत नाही, कागदाचा राहतो.

प्रथम अटकेच्या कारणांची लेखी प्रत मागावी. पंकज बन्सल (२०२३), प्रबीर पुरकायस्थ (२०२४) व विहान कुमार (२०२५) या निर्णयांतून विकसित झालेले तत्त्व मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातील नोव्हेंबर २०२५ च्या निर्णयाने सर्व गुन्ह्यांना लागू केले. त्यानुसार अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतात. तत्काळ देणे अशक्य असेल तेव्हाही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती द्यावी लागतात. अन्यथा अटक व त्यानंतरची कोठडी बेकायदेशीर ठरते. केवळ कलमांची यादी म्हणजे कारणे नव्हेत. या विद्यार्थ्याने नेमके काय केल्याचा आरोप आहे, हे त्यात असले पाहिजे.

दुसरे, अटक आवश्यकच होती काय, हा प्रश्न वकिलामार्फत उपस्थित करावा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. अर्नेश कुमार (२०१४) निर्णयानुसार पोलिसांनी अटकेची आवश्यकता लेखी नोंदविली पाहिजे, अन्यथा हजर राहण्याची नोटीस द्यावी. ही तरतूद आता कलम ३५ मध्ये आहे. अशी नोटीस केवळ व्हॉट्सॲपवर पाठविणे म्हणजे विधिवत बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. विद्यार्थ्याला नोटीस मिळाली असेल तर ठरलेल्या दिवशी हजर राहणे हेच त्याचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. मुलाला गावी किंवा दूरच्या नातेवाइकाकडे पाठवून देणारे कुटुंब हे संरक्षण स्वतःच्या हाताने घालविते.

तिसरे, कलम ५३ नुसार अटकेनंतर लवकरच होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत अंगावरील जखमा व त्यांची अंदाजे वेळ नोंदविली जाते आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने नियुक्त केलेल्या व्यक्तीला मिळते. ती मागावी. मुलाला दमा, मधुमेह, फिट येणे यांसारखा आजार असेल, औषध चालू असेल किंवा मानसोपचार चालू असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी अर्जासोबत जोडावी. मारहाणीचा संशय असल्यास पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची मागणी तत्काळ लेखी करावी. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निर्णयाने ठाण्यांत अशी यंत्रणा व चित्रणाचे जतन आवश्यक केले आहे.

विद्यार्थिनीच्या बाबतीत, अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करावयाचा झाल्यास महिला अधिकाऱ्याने लेखी अहवालाद्वारे न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. झडतीही स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यावयाची असते.

काय बोलू नये व कशावर सही करू नये

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे अनेकांना ऐकून माहीत असते. परंतु हे संरक्षण पोलिसांपुढील व पोलीस कोठडीतील कबुलीपुरते आहे. कोठडीतून बाहेर आल्यावर प्राचार्य, वसतिगृह अधीक्षक, फिर्यादीचे वडील किंवा एखादा नातेवाईक यांच्यापुढे दिलेली कबुली ‘न्यायालयाबाहेरील कबुली’ म्हणून पुराव्यात येऊ शकते. त्यामुळे ‘माफीनामा लिहून दे म्हणजे प्रकरण संपेल’ या सल्ल्याने लिहिलेला कागद पुढे खटल्यात दाखल होण्याचा धोका असतो. मन मोकळे करण्यासाठी मित्रांना पाठविलेला संदेशही त्याच वर्गात मोडतो.

आणखी एक बाब पालकांना धक्का देणारी वाटेल. वकील व पक्षकार यांच्यातील संभाषणाला कायद्याचे संरक्षण आहे. पती-पत्नींमधील संभाषणालाही मर्यादित संरक्षण आहे. आई-वडील व मूल यांच्यातील संभाषणाला असे संरक्षण नाही. मुलाने वडिलांना जे सांगितले, त्याविषयी वडिलांची साक्ष घेतली जाऊ शकते. म्हणून कोठडीतील भेटीत ‘खरे सांग, तू केलेस का?’ हा प्रश्न विचारू नये. तो वकिलाने विचारावयाचा आहे. पालकाने विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत : जेवलास का, मार लागला आहे का, औषध घेतलेस का. आणि सांगावयाचे एवढेच की, आम्ही येथे आहोत, वकील येत आहेत, वाचल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

अनुच्छेद २०(३) नुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात (१९७८) हे संरक्षण पोलीस चौकशीपर्यंत पोहोचते असे न्यायालयाने मानले. कलम ३८ नुसार चौकशीच्या दरम्यान, जरी सर्व वेळ नसले तरी, वकिलास भेटण्याचा हक्क आहे. तपासात पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर सही घेतली जात नाही. अटक पंचनामा किंवा जप्ती पंचनामा यांवर मात्र सही असते. कोरा कागद वा अर्धवट भरलेला नमुना कोणीही सही करून देऊ नये.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे पुरावा नाहीसा करणे. खोलीतील वस्तू हलविणे, दूरध्वनी संचातील संदेश पुसणे, लॅपटॉप गावी नेणे हा स्वतंत्र गुन्हा होय आणि त्यात पालकच आरोपी होऊ शकतात. फिर्यादीच्या घरी जाऊन विनवणी करणेही टाळावे. ती विनवणी दबाव म्हणून नोंदली गेली तर जामीन अडचणीत येतो. ‘साहेबांशी बोलून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्याविषयी इतकेच सांगणे पुरे की, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. सक्तीने द्यावी लागल्यास सात दिवसांच्या आत कळविणाऱ्याला संरक्षण आहे. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ हा आहे.

वकील आणि विधी साहाय्य

‘वकील परवडत नाही’ या कारणास्तव कोणीही वकिलाविना राहण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र आहेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. अनेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयामार्फत पूर्णवेळ बचाव वकील उपलब्ध झाले आहेत. खासगी वकील नेमताना तो फौजदारी कामे त्याच न्यायालयात नियमित करणारा असावा. गावाकडील विश्वासू वकील दिवाणी कामात कितीही निष्णात असला तरी परक्या शहरातील कोठडीच्या सुनावणीत तो तितका उपयोगी पडेलच असे नाही. वकीलपत्रावर सज्ञान विद्यार्थ्याची स्वतःची सही लागते आणि पक्षकार तोच असतो, वडील नव्हेत, हेही ध्यानी घ्यावे.

न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि जामीन

चोवीस तासांच्या आत होणारी पहिली हजेरी कुटुंबाने चुकवू नये. रविवार किंवा सुटी असली तरी सुटीतील न्यायालयापुढे हजर केले जाते. येथे न्यायालय तीनपैकी एक निर्णय घेऊ शकते : जामीन, पोलीस कोठडी किंवा न्यायालयीन कोठडी. न्यायालयाच्या आवारात ऐकू येणारे ‘पीसीआर’ व ‘एमसीआर’ हे शब्द शेवटच्या दोहोंसाठी आहेत. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा अधिक देता येत नाही. परंतु नव्या संहितेनुसार ती गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप अथवा मृत्युदंड असलेल्या गुन्ह्यांत ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल न झाल्यास जामीन हा हक्क होतो. तो हक्क अर्ज करून वेळेवर बजवावा लागतो, म्हणून तारखांची नोंद कुटुंबाने ठेवावी.

जामीनपात्र गुन्ह्यांत जामीन हक्काने मिळतो आणि तो पोलीस ठाण्यातही होऊ शकतो. अजामीनपात्र गुन्ह्यांत न्यायालय आरोपी पळून जाईल काय, पुराव्यात ढवळाढवळ करील काय, पूर्वी गुन्हा आहे काय हे पाहते. येथे विद्यार्थी असणे उपयोगी ठरते, परंतु ते कागदाने दाखवावे लागते : महाविद्यालयाचे ओळखपत्र व बोनाफाईड दाखला, गुणपत्रके, परीक्षेचे वेळापत्रक, कायम पत्त्याचा पुरावा. जामीनदाराने आधारपत्र, छायाचित्र आणि ऐपत दर्शविणारी कागदपत्रे, जसे सातबारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा वेतनपत्रक, तयार ठेवावीत. समजा, नांदेड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पुण्यात अटक झाली आणि जामीनदार म्हणून गावाकडील काका आले, तर ‘स्थानिक जामीनदार आणा’ असे सांगितले जाण्याचा संभव असतो. मोतीराम प्रकरणात (१९७८) गवंडीकाम करणाऱ्या गरीब माणसाच्या भावाचा जामीन तो दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन अमान्य केला आणि जामिनाची रक्कम ऐपतीच्या पलीकडची नसावी असे सांगितले. हा निर्णय वकिलाने न्यायालयाच्या निदर्शनास आणावा.

विशेष कायद्यांची स्थिती वेगळी आहे. अमली पदार्थांच्या प्रकरणात पदार्थाचे वजन निर्णायक असते. गांजा २० किलो किंवा ‘एमडी’ नावाने ओळखला जाणारा मेफेड्रोन ५० ग्रॅम ही व्यापारी मात्रा असून तेथे जामिनाच्या अटी अत्यंत कडक होतात. अल्प मात्रेच्या वा सेवनाच्या प्रकरणात व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास खटल्यापासून मुक्तता मिळण्याची तरतूद आहे. शांतताभंगाच्या शक्यतेवरून झालेली प्रतिबंधात्मक अटक व ‘चॅप्टर केस’ म्हणून ओळखली जाणारी बंधपत्राची कार्यवाही ही शिक्षा नव्हे. तथापि तीही गांभीर्याने घ्यावी, कारण बंधपत्राचा भंग महागात पडतो.

चोवीस तास उलटूनही हजर केले नाही किंवा ताब्यात असल्याचेच पोलीस नाकारत असतील, तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीची याचिका करता येते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर यांच्या जोडीला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथेही सर्किट बेंच सुरू झाल्याने दक्षिण महाराष्ट्रातील कुटुंबांचे अंतर कमी झाले आहे.

महाविद्यालय, परीक्षा आणि पुढील आयुष्य

अटक झाल्याचे महाविद्यालयापासून लपविणे सहसा साध्य होत नाही. गैरहजेरीबद्दल प्राचार्यांना वकिलाच्या सल्ल्याने संक्षिप्त पत्र द्यावे. त्यात घटनेचे वर्णन नसावे. परीक्षा जवळ असल्यास तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात परीक्षेस बसण्याची परवानगी न्यायालयाकडे मागता येते. महाविद्यालयाची शिस्तभंग कार्यवाही ही फौजदारी खटल्याहून स्वतंत्र असते. तीत आरोप लेखी मिळणे व बाजू मांडण्याची संधी मिळणे हा नैसर्गिक न्यायाचा भाग आहे. रॅगिंगच्या प्रकरणात हा परिणाम अधिक तीव्र असतो. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास व १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषसिद्धीनंतर विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास निलंबन होते.

कुटुंबांकडून होणारी शेवटची आणि दूरगामी चूक म्हणजे ‘गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळे व्हा’ हा मार्ग. दंड पाचशे रुपयांचा असला तरी ती दोषसिद्धीच असते आणि पुढे शासकीय नोकरीच्या अर्जात तिचा उल्लेख करावा लागतो. यापेक्षा चांगले पर्याय कायद्यात आहेत. तडजोडयोग्य गुन्ह्यात न्यायालयामार्फत झालेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. योग्य प्रकरणी उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकते. दोष सिद्ध झालाच तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची मागणी करता येते. या अधिनियमात २१ वर्षांखालील व्यक्तीस, जन्मठेपेस पात्र गुन्हे वगळता, कारावास न देण्याकडे कल आहे आणि त्याच्या कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही.

नोकरीच्या साक्षांकन अर्जात माहिती लपविणे हा मूळ गुन्ह्याहून मोठा दोष ठरू शकतो. अवतार सिंग निर्णयात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माहिती खरी दिली पाहिजे. किरकोळ प्रकरण असल्यास नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. परदेशी शिक्षणासाठी पारपत्र हवे असल्यास प्रलंबित खटल्यात न्यायालयाची परवानगी घेण्याचा मार्ग १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेने उपलब्ध केला आहे. म्हणून प्रत्येक आदेशाची प्रमाणित प्रत कुटुंबाने एका फाइलमध्ये जपावी. दहा वर्षांनी चारित्र्य पडताळणीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. नातेवाइकाला खबर मिळणे, पंचनाम्यावर त्याची सही घेता येणे आणि वैद्यकीय अहवाल आरोपीने नेमलेल्या व्यक्तीला मिळणे या तरतुदींमुळे कुटुंब हे अटकेच्या प्रक्रियेवरील पहिली देखरेख आहे. ही देखरेख पहिल्या चोवीस तासांत प्रभावी ठरते.

२. वयाचा पुरावा, अटकेची वेळ, लेखी कारणे व वकील या चार गोष्टी प्रथम साधाव्यात. ओळखीचा माणूस, मध्यस्थ व माफीनामा यांमागे लागू नये.

३. घटनेविषयीचे संभाषण फक्त वकिलापुरते ठेवावे. कुटुंबाने मुलाच्या शरीराची व मनाची काळजी घ्यावी.

४. झटपट सुटकेपेक्षा दोषसिद्धीचा कायमचा डाग टाळणे महत्त्वाचे मानावे.

५. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या पालकसभेत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या साहाय्याने या विषयाची माहिती द्यावी आणि १५१०० हा क्रमांक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावावा.

मुलाच्या हातून चूक झाली असेल तर तिचा जाब न्यायालय विचारेल आणि विचारलाही पाहिजे. परंतु त्या जाबाला मुलाने वकिलाच्या सोबतीने, निकोप शरीराने आणि आपली माणसे पाठीशी आहेत या जाणिवेने सामोरे जावे, एवढी व्यवस्था करणे कुटुंबाच्या हाती असते. संतापाच्या भरात ‘आमचा त्याच्याशी संबंध नाही’ असे म्हणणारे घर आणि कोणत्याही मार्गाने त्याला सोडवू पाहणारे घर, ही दोन्ही या जबाबदारीतून सारखीच दूर जातात.